काटा, सातशेच्या अलीकडे

शोदमोन, हात काढ तिथून.
इंजिन अजून कोमट आहे
आणि तुझी बोटं मला उद्या स्टिअरिंगवर हवीत.
खोरोगच्या या शेडला वरून तीन भोकं,
चौथं मी पाडणार आहे
तुझ्या पजेरोच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला,
टर्बोच्या बरोब्बर आधी,
जिथे चारही सिलिंडरांचा धूर एक होतो
आणि मग कुणा एकाचा राहत नाही.

म्हणतोस, मला कान आहेत.
आहेत ना. बापाचेच, बाहेर आलेले.
बापाने सत्तावीस वर्षं झिल ट्रक हाकला त्या कानांवर.
पण त्याच्या ट्रकला टर्बो नव्हता,
आणि गेल्या नोव्हेंबरात अक-बैतालच्या चढावर
तिसरा पिस्टन वितळला
तेव्हा तुझे कान रेडिओ ऐकत होते.

नऊ माणसं, बटाट्याची चौदा पोती,
मुर्गाबच्या शाळेला निघालेला एक फळा.
रात्रभर तेरेस्केनची झुडपं उपटून जाळलीत,
पहाटे पहाटे फळ्याची चौकटसुद्धा.
फळा वाचवला, हे तू गावभर सांगतोस.
पिस्टनचं नाव काढत नाहीस.

वर हवा विरळ.
डिझेल तेवढंच, श्वास निम्मा,
मग धूर तापतच जातो
आणि ॲल्युमिनियम ओरडत नाही, नुसतं मऊ पडतं.
हे मला येकातेरिनबर्गच्या गॅरेजात कळलं,
जिथे तीन हिवाळे मला "ए मुली" म्हणाले
आणि चौथ्यात, "सावसन, जरा हे बघतेस?"

ड्रिलच्या टोकाला ग्रीस थापते, लोण्यासारखं.
लोखंडाचा किस त्यातच अडकला पाहिजे.
दोन फेरे. थांब. पूस. पुन्हा ग्रीस.
दोन फेरे.
तू घड्याळ बघतोस. बघ.
मग दोऱ्याला चुंबक बांधून आत सोडते,
विहिरीत गळ सोडावा तसा,
आणि आलाच एक, तांदळाच्या कणीएवढा!
हा टर्बोची पाती खाऊन बसला असता
आणि तू म्हणाला असतास, नशीब.

आटे पाडले. आता सळी.
ओशच्या बाजारात दोन तास घासाघीस करून आणलीय,
तरी महागच पडली.
हिच्या पोटात दोन तारा आहेत, दोन जातींच्या,
टोकाशी एकत्र डागलेल्या.
आच लागली की दोघींचं जमत नाही,
आणि ते न जमणंच
वीज होऊन काट्यापर्यंत पोचतं.
माझ्याकडे काय बघतोस?
रबराचं बूच काढ, तार आत ओढ.

तबकडी कुठे, विचारतोस.
समोरच. आरशाला टांगलेल्या इस्पंदच्या पुडीखाली.
ती दुसऱ्यांच्या नजरेसाठी,
ही तुझ्या.

*

दुसऱ्या दिवशी मी मागे बसले, पोत्यांना टेकून.
साडेपाचशे. सहाशे.
वळणावर सहाशे ऐंशी.
एक म्हातारी सगळ्यांना बिस्किटं वाटत होती.
मी फक्त तुझा पाय बघत होते:
हलला, अडला,
आणि जन्मात पहिल्यांदा
कुणी न सांगता वर आला.
गिअर खाली.
काट्याने जरा विचार केला, मग उतरला.

खिंडीवर लोक पांगले, कुणी लघवीला,
कुणी नुसतंच वाऱ्यात उभं राहायला.
तू किल्ली फिरवली नाहीस.
दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलास,
काटा दोनशेवर येईपर्यंत.

म्हातारी खिडकीशी आली. बिघडलंय का रे?
नाही आजी, म्हणालास. निवतंय.

तिने दिलेलं बिस्कीट मोडलंस
आणि अर्धं मागे धरलंस,
माझ्याकडे न बघता.